पाच सेकंदांचा माग

रविवारी रात्री सीताबर्डीतल्या आमच्या ऑफिसचा मेल सर्व्हर डेबियन ११ वरून १२ वर नेला (डेबियन म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार). सर्व्हर नीट चालू झाल्यावर डीएनएसचं, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारं, जुनं मशीन बंद केलं, नव्याचा पत्ता भरला, चाचणीचे दोन मेल पाठवले. पोचले. किती वेळात पोचले, ते पाहिलं नाही.

सोमवारी साडेदहाला अकाउंट्सच्या ताईंचा फोन. "भाऊ, मेल जाऊनच नाही राहिला ना! पाठवा दाबलं की पट्टी तिथंच अडकते." महिनाअखेर होती, व्यापाऱ्यांची बिलं जायची होती. मला फार वाईट वाटलं.

आधी डिस्क पाहिली, प्रोसेसर पाहिला; दोन्ही निवांत. मेलपेट्या सांभाळणाऱ्या डव्हकॉट या प्रोग्रामच्या इंडेक्सवर संशय घेण्यात तास गेला. सेटिंग बदलायचं, पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) रीलोड करायचं, म्हणजे बंद न करता सेटिंग पुन्हा वाचायला लावायचं, असं चारदा केलं. रीस्टार्ट टाळत होतो, चालू मेल तुटू नयेत म्हणून.

मग लॉग नीट वाचायला बसलो. पोस्टफिक्स प्रत्येक मेलपुढे 'डिलेज' म्हणून चार आकडे लिहितो: रांगेत येण्याआधीचा वेळ, रांगेतला, समोरच्याशी जोडणी होईपर्यंतचा आणि प्रत्यक्ष पाठवण्याचा. माझ्यापुढे होतं ०.०९/०.०१/१०/०.६. खालच्या ओळीतही तिसरा आकडा दहाच. त्याखालीही दहा. लोड वाढल्यामुळे होणारा उशीर असा मोजून मापून येत नाही, कधी तीन, कधी सतरा येतो. पाचाच्या पटीत आला की डीएनएसकडे बघावं, कारण लिनक्समध्ये एका डीएनएस सर्व्हरच्या उत्तराची वाट मुळात ५ सेकंदच पाहिली जाते. मेल सर्व्हरचं नाव शोधताना पाच, त्याचा आयपी शोधताना आणखी पाच.

पण टर्मिनलवर 'डिग', म्हणजे डीएनएसला थेट विचारून पाहणारी कमांड, चालवली तर उत्तर क्षणात! इथं मी अर्धा तास अडलो.

शेवटी 'पोस्टफिक्स चेक' चालवलं आणि त्यानं सरळ सांगितलं: रिझॉल्व्ह डॉट कॉन्फच्या, म्हणजे डीएनएस सर्व्हरचे पत्ते असलेल्या फाइलच्या, दोन प्रती जुळत नाहीत. डेबियन १२ मध्ये पोस्टफिक्सचे बरेचसे भाग क्रूटमध्ये, म्हणजे स्वतःच्या कोंडलेल्या फोल्डरमध्ये चालतात आणि तिथली प्रत वाचतात; 'डिग' मात्र बाहेरची, नवी प्रत वाचतो. ती उघडली. पहिल्या ओळीत बंद केलेल्या मशीनचा पत्ता, दुसरीत इंटरनेट कंपनीचा. प्रत्येक शोध आधी त्या बंद मशीनपाशी पाच सेकंद थांबत होता. ताईंची पट्टीही तिथंच अडकत होती, कारण जोडणाऱ्या कॉम्प्युटरचं नावही सर्व्हर आधी डीएनएसला विचारतो.

ही प्रत पोस्टफिक्स सुरू होतानाच नव्यानं घेतली जाते. रीलोडनं नाही.

रीस्टार्ट दिला. पुढची ओळ: ०.०८/०.०१/०.३/०.५. क्रूट काढून टाकायचा सोपा उपायही होता. पण मी क्रूट ठेवला, बाहेरच्या जगाशी बोलणारा प्रोग्राम कोंडलेलाच बरा. ताईंना फोन केला, त्यांनी एक बिल फोन चालू असतानाच पाठवलं. "गेला ना भाऊ!"