खरेदीखताचा मसुदा तपासताना

भावाने गावाकडे शेजारच्या आबांची जमीन घ्यायचं ठरवलं आणि खरेदीखताचा मसुदा तपासायचं काम माझ्याकडे आलं. वकिलांनी तो व्हॉट्सॲपवर पाठवला, "बघून घ्या, उद्या दस्त करून टाकू" म्हणाले. मी थोडे दिवस मागून घेतले. दस्त एकदा नोंदला की त्यात खाडाखोड करता येत नाही. चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं, तेही नोंदवावं लागतं आणि त्यासाठी देणाऱ्या-घेणाऱ्यांना पुन्हा सह्यांना यावं लागतं. आबा ऐंशीच्या पुढचे. त्यांना दुसरा हेलपाटा घालायला लावायचा नव्हता.

प्रिंट काढली आणि शेजारी मूळ कागद मांडले: चालू सातबारा, आठ-अ (खातेउतारा), जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), सगळ्यांचे आधार-पॅन, बँकेतून पाठवलेल्या रकमेचा तपशील. पुतणी मूळ कागद मोठ्याने वाचायची, मी मसुद्यावर पेन्सिल धरून बसायचो. आकडे सुटे सुटे: "दोन, एक, चार." एका पानावर गट नंबर २१४ चा २४१ झाला होता. दोन्ही गट गावात आहेत, त्यामुळे नुसता मसुदा वाचून ते कुणालाच खटकलं नसतं.

क्षेत्राचंही तसंच. सातबारावर लागवडीयोग्य ७८ आर, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) ३ आर, एकूण ८१. मसुद्यात एकीकडे ७८, दुसरीकडे "दोन एकर". दोन एकर म्हणजे ८०.९४ आर, बोलण्यात चालतं, दस्तात नाही. पोटखराब्यासह ०.८१ हेक्टर असं सगळीकडे एकसारखं करून घेतलं. आबांचं नाव सातबारावर "बाळू" आणि आधारवर "बाळासाहेब", म्हणून "बाळासाहेब उर्फ बाळू" लिहायला सांगितलं.

सगळ्यात जास्त वेळ मी शर्तींवर घालवला. अशा दस्तात विकणारा "लिहून देणार" आणि विकत घेणारा "लिहून घेणार". पानापानावर हेच दोन शब्द. जमिनीवर पूर्वीचं कर्ज किंवा बोजा निघाल्यास त्याची जबाबदारी "लिहून घेणार यांची राहील" असं एका कलमात छापलं होतं; हवं होतं "लिहून देणार". जुन्या मसुद्यावरून नवा तयार करताना असं होतं, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला यात काही चूक दिसत नाही. मग मी दोन रंगांची पेनं घेतली. प्रत्येक "देणार"खाली लाल, प्रत्येक "घेणार"खाली निळी रेघ, आणि प्रत्येक रेघेपाशी थांबून विचारायचं: हे ओझं खरोखर याचंच का?

मग मसुदा घेऊन आबांकडे गेलो. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, म्हणून सगळा वाचून दाखवला. विकणाऱ्यालाही आपण कशावर अंगठा उठवतोय ते कळायलाच हवं. चतुःसीमा आल्या तसा त्यांनी हात वर केला. "पश्चिमेला रस्ता कुठला रं? तिथं वढा हाय. रस्ता दक्षिणेला." माझ्याकडच्या एकाही कागदावरून हे मला कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन चारी बाजू पाहिल्या. आबांचं बरोबर होतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नोंदणीआधी दस्ताची माहिती ऑनलाइन वेगळी भरली जाते आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, त्या माहितीवरून निघते. दस्त निर्दोष असला तरी तिथे गट नंबर चुकला तर पुढे फेरफाराला अडचण येते. म्हणून त्या भरलेल्या माहितीचीही प्रिंट मागितली आणि तशीच वाचली. वहिनींच्या नावातली वेलांटी तिथे चुकली होती.

दुरुस्त मसुदा आल्यावर फक्त बदललेल्या ओळी न पाहता पहिल्या पानापासून पुन्हा वाचला. क्षेत्र दुरुस्त करताना खालच्या परिशिष्टात जुनाच आकडा राहिला होता. तो बदलून घेतला, आणि मगच वकिलांना दस्ताची तारीख ठरवायला सांगितली.