क्लास संपल्यावर भाषा टिकवायची कशी

पुण्यात परकीय भाषा शिकायला सुरुवात करणं अवघड नाही. जर्मनसाठी बोट क्लब रोडवर माक्स म्युलर भवन आहे, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांसाठी फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि जपानीचे वर्ग तर पेठांपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत भरतात. गाडी अडते ती पुढे. जर्मनची ए-टू पातळी झाली किंवा जपानीची एन-फोर परीक्षा पास झाले, की पुढची बॅच सुरू व्हायला वेळ असतो, ऑफिसात काम वाढतं, आणि चार महिन्यांनी साधं वाक्य जुळवतानाही शब्द सापडत नाहीत. याचं कारण आळस नव्हे. क्लासमध्ये उजळणी आपोआप होत होती. गृहपाठ असायचा, मागच्या धड्यातले शब्द पुढच्या धड्यात यायचे. क्लास थांबला की हे सगळं थांबतं आणि घरी त्याच्या जागी काहीच नसतं. म्हणून क्लास चालू असतानाच रोजची पंचवीस-तीस मिनिटं ठरवून घ्यावीत.

त्यातली पहिली पंधरा मिनिटं शब्दांची. त्यासाठी बरेच जण अँकी हे शब्दांच्या कार्डांची उजळणी करून घेणारं ॲप वापरतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्यात रोजच्या नव्या कार्डांची संख्या मुळात २० ठेवलेली असते आणि घोळ इथेच होतो. आज शिकलेलं कार्ड उद्या, मग काही दिवसांनी, मग आणखी काही दिवसांनी परत समोर येतं. त्यामुळे थोड्याच आठवड्यांत रोजची उजळणी नव्या कार्डांच्या दहापटीच्या आसपास जाते. २० नवी म्हणजे रोज साधारण २०० जुनी. नोकरी सांभाळून हे निभत नाही. आकडा ७ किंवा ८ वर आणा. तरीही ढीग साचलाच, तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायचा मोह टाळा. नवी कार्डं शून्यावर आणा, उजळणीची कमाल मर्यादा १०० ठेवा आणि ढीग उतरेपर्यंत नवीन काहीही घालू नका.

कार्डावर सुटा शब्द नको, पाच-सहा शब्दांचं वाक्य हवं. जर्मन नाम असेल तर आर्टिकल (नामाआधी येणारं, लिंग दाखवणारं डेर, डी किंवा दास) आणि अनेकवचन त्याच कार्डावर. तीन लिंगांची आपल्याला सवय असली तरी ती जुळतीलच असं नाही. आपलं दार नपुंसकलिंगी, तर जर्मन ‘डी ट्यूर’ स्त्रीलिंगी. आपली खिडकी स्त्रीलिंगी, तर ‘दास फेन्स्टर’ नपुंसकलिंगी. (इथे नाइलाजाने देवनागरी वापरली आहे. तुमच्या कार्डावर मूळ लिपीच हवी, कारण ‘ट्यूर’मधला स्वर देवनागरीत नीट बसत नाही आणि चुकीचा उच्चार पक्का होतो.)

कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी लिहू नका, मराठी लिहा. हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. ‘आय ॲम कोल्ड’वरून गेलं की तोंडातून ‘इख बिन काल्ट’ निघतं, आणि थंडी वाजते हे तसं सांगत नाहीत. ‘मला थंडी वाजते’वरून गेलं तर ‘मीर इस्ट काल्ट’मधला ‘मीर’ म्हणजे आपलं ‘मला’, हे लगेच ध्यानात येतं. ‘मला हे पुस्तक आवडतं’चा साचाही तोच: ‘मीर गेफेल्ट दास बूख’. जपानीत क्रियापद शेवटी येतं, नामानंतर प्रत्ययांसारखे शब्द लागतात, त्यामुळे मराठी माणसाला वाक्याची घडण परकी वाटत नाही. फक्त मराठीत जिथे एकाच प्रत्ययावर भागतं तिथे जपून. ‘ग्रंथालयात पुस्तक आहे’ आणि ‘ग्रंथालयात वाचतो’ या दोन्हींत आपण ‘त’ लावतो. जपानीत पहिल्याला ‘तोशोकान नि’ आणि दुसऱ्याला ‘तोशोकान दे’. अशी जोडी एकाच दिवशी दोन कार्डांवर घालावी, म्हणजे फरक समोरासमोर दिसतो.

उरलेला वेळ कानांसाठी. ए-टूच्या पातळीवर इंग्रजी सबटायटल लावून मालिका पाहणं हा अभ्यास नाही, तिथे डोळे इंग्रजी वाचत असतात. त्याऐवजी साठ ते नव्वद सेकंदांचा एकच तुकडा घ्या, ज्याचा मजकूर लिहिलेला मिळेल असा. जर्मनसाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या, जपानीसाठी एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या आहेत. बातमी जड गेली तर पाठ्यपुस्तकातला ऐकायचा धडा घ्या. पहिल्यांदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबवून कागदावर उतरवा, एक वाक्य तीनपेक्षा जास्त वेळा न ऐकता. मग मूळ मजकुराशी ताडून लाल पेनाने चुका दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा ऐकत ऐकत मोठ्याने म्हणा, तिसऱ्या दिवशी न बघता.

चुका कुठे पडतात ते बघा, कारण त्या तिथेच पुन्हा पडतात. जर्मनमध्ये शेवटची अक्षरं निसटतात. ‘मिट डेम बुस’ (म्हणजे ‘बसने’) भरभर बोलताना ‘मिम बुस’सारखं ऐकू येतं आणि कागदावर ‘डेन’ उतरतं. ‘मिट’नंतर काय येतं हा नियम पाठ असूनही असं होतं, कारण नियम कानापर्यंत पोचलेला नसतो. जपानीत लांब स्वर निसटतो: ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. जोडाक्षरं मात्र आपल्याला सोपी जातात, ‘पका’ आणि ‘पक्का’ यांतला फरक आपण जन्मापासून ऐकतो. हे काम शांत खोलीतलं आहे. बसमध्ये किंवा मेट्रोत जुने, उतरवून झालेले तुकडेच ऐकावेत.

परीक्षेची तारीख समोर असली की अभ्यास टिकतो, पण परीक्षा काय तपासते ते माहीत हवं. पुण्यात जपानीची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि तिच्यात बोलणं-लिहिणं अजिबात नसतं, सगळे प्रश्न बहुपर्यायी. त्यामुळे नुसती त्या परीक्षेची तयारी करणाऱ्याची जीभ मागे राहते. गोएथे संस्थेच्या बी-वन या जर्मनच्या, ए-टूच्या वरच्या परीक्षेला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, आणि एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. बोलण्यासाठी आपल्याच बॅचमधला एक जोडीदार धरा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटा: दहा-दहा मिनिटं एकेकाने ठरलेल्या विषयावर बोलायचं, उरलेली दहा गप्पांची. बोलताना टोकायचं नाही. ऐकणाऱ्याने चुका टिपून शेवटी फक्त तीन सांगायच्या. जास्त सांगितल्या तर पुढच्या वेळी एकही लक्षात राहत नाही.

गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी, या काळात खंड पडणारच. आरास, पाहुणे, फराळ यांत रोजची तीस मिनिटं निघत नाहीत, हे आधीच धरून चाला. सण सुरू व्हायच्या आठवडाभर आधी नवी कार्डं बंद करा, म्हणजे रोजची उजळणी उतरत जाते. सणात सकाळच्या चहाबरोबर तेवढीच करा, ऐकून उतरवायचं काम बाजूला ठेवा. खंड महिन्याच्या वर गेला असेल तर पुस्तकातला सुटलेला धडा उघडू नका. त्याच्या आधीचे तीन धडे एका आठवड्यात मोठ्याने वाचून काढा, त्यांतल्याच एका ऐकायच्या तुकड्याचं श्रुतलेखन करा, आणि दहा ओळींत पाचांहून जास्त चुका निघाल्या तर आणखी दोन धडे मागे जा.