आमची वाटचाल: डोंगराची मागची बाजू

चित्ररथावरचा डोंगर एकाच अंगानं बघायचा असतो. बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीची मिरवणूक निघाली की ट्रॉलीच्या दर्शनी बाजूला सह्याद्री उभा असतो आणि मागं बांबू, सुतळी, गोणपाट सगळं उघडं. त्याला कुणी नावं ठेवत नाही. आज आम्ही प्राणीसंग्रहालयांसाठी सिमेंटचे खडक आणि डोंगर करतो, पण आमचे वडील मूर्तिकार. गणपतीत मूर्ती आणि मंडळांचे देखावे, उन्हाळ्यात चित्ररथ, असा त्यांचा वर्षाचा हिशेब होता. मधले महिने उधारी वसूल करण्यात जायचे.

मी धंद्यात आलो तेव्हा चोर्ल्याकडं आणि आंबोलीकडं रिसॉर्ट उभी राहत होती. बागेत धबधबा हवा, गुहा हवी, अशी मागणी यायची. तिकडच्या पावसात प्लास्टर ऑफ पॅरिसचा काय उपयोग? म्हणून फेरोसिमेंटकडं वळलो. सळईचा सांगाडा वेल्डिंग करायचा, त्यावर वेल्डमेश आणि कोंबडीजाळी ताणून बांधायची, घट्ट कालवलेला सिमेंट-वाळूचा माल दोन्ही अंगांनी दाबून भरायचा आणि ओलसर असतानाच दगडाचा पोत काढायचा. पोत काढायला आमचे गवंडी थापीपेक्षा चुरगळलेला प्लास्टिक कागद, मोडका ब्रश आणि बोटं जास्त वापरतात. मग गोणपाट टाकून पाणी मारत राहायचं. रंग सगळ्यात शेवटी, पातळ, थरावर थर.

नमुन्यासाठी लांब जावं लागत नाही, हे आपल्या भागाचं भाग्य. खानापूरचा भोकाभोकांचा जांभा, गोकाकला धबधब्याच्या कड्यात थरांवर थर दिसणारा तांबूस वालुकाश्म, शहराजवळचा काळा दगड. खऱ्या दगडावर रबराचा साचा घेतला की त्याची भेग न् भेग उतरते. तरी एकच साचा शेजारीशेजारी दोनदा वापरला की बघणाऱ्याला लगेच कळतं, म्हणून आम्ही साचा फिरवून लावतो आणि सांधे हातानं करतो.

प्राणीसंग्रहालयाचं पहिलं काम पोटठेक्यानं आलं. अस्वलाचं आवार होतं. सांगाडा उभा राहिला, पुढून डोंगर झकास दिसत होता. तिथला जुना किपर, म्हणजे जनावरांची देखभाल करणारा, एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “मालक, लोकास्नी दिसायचं काम झालं की ओ. पर अस्वलानं लपायचं कुठं?” मग त्यानं आम्हाला डोंगराच्या मागं नेलं आणि एकेक दाखवत गेला: इथून मी खाणं देणार, इथून दार ओढणार, इथून घाण धुऊन काढणार, तुझा खडक ह्यातल्या कशाच्या आड येता कामा नये. आमच्या धंद्याचं खरं शिक्षण तिथं सुरू झालं.

जनावरांसाठी असे खोटे डोंगर उभारायचा प्रकार काही आजचा नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगनला कार्ल हागेनबेकनं १९०७ साली गजांऐवजी खंदक असलेलं प्राणीसंग्रहालय उघडलं. खंदकाची रुंदी ठरवायला त्यानं जनावरं किती लांब उडी मारतात ते तपासलं होतं, आणि तिथले कृत्रिम डोंगर उर्स एगेनश्वायलर ह्या स्विस शिल्पकारानं केले. म्हणजे आमच्या धंद्याचा मूळपुरुषही मूर्तिकारच! पुढं १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सिॲटलला गोरिलांसाठी दाट झाडी असलेलं आवार झालं. तिथं बघणाऱ्यालाही त्याच झाडीतून चालत जावं लागतं. आपल्याकडं केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली आलं. वाघ-सिंहाच्या रात्रीच्या खोलीचं किमान माप २.७५ मीटर लांब, १.८० रुंद आणि ३ उंच, असं नियमात छापून आलं. ही खोली खडकाआड झाकायची असली तरी तिला उजेड, वारा आणि उतार द्यावाच लागतो.

अस्वलाच्या त्याच कामात आम्ही पहिलं वारूळ केलं. आपलं अस्वल वाळवी हुंगून, उकरून, ओठ पुढं काढून ओढून घेतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, ती फट त्यासाठीच. म्हणून वारुळाला बारीक भोकं ठेवली, आतून नळ्या मागच्या भिंतीपर्यंत नेल्या. किपर मागून आज ह्या नळीत मध ओततो, उद्या त्या नळीत पातळ लापशी. अस्वल सगळी भोकं तपासत बसतं. नळ्या काढून धुता येतील अशाच बसवाव्या लागतात, नाहीतर आठवड्यात मुंग्या आणि बुरशी. आणि त्या नखांपुढं साधा गिलावा टिकत नाही, तिथं जाळीचा एक थर जादा. भीमगडच्या जंगलाला लागून राहणाऱ्या आमच्या खानापूरच्या पोरांना अस्वलाची नखं काय करतात हे वेगळं सांगावं लागलं नाही.

बाकी जनावरांच्या तऱ्हा वेगळ्या. बिबट्याला उंचावर बसायला फळी हवी, पण कुंपणापासून उडीच्या टप्प्याबाहेर. मगरीला उतरता वाळूचा काठ. कासवांच्या तळ्यात नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून तळं भरून, सोडून, पुन्हा भरून पाणी तपासल्याशिवाय जनावर सोडायचं नाही. ठेकेदाराला इथं फार घाई असते. आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात पोकळ खडक तव्यासारखा तापतो, तेव्हा बसायची जागा झाडाच्या सावलीत किंवा उत्तरेच्या अंगाला हवी.

गिऱ्हाइकाची आवड हा वेगळाच विषय. सिंह म्हटलं की कमानीवर मुखवटे, भाले, गवताची झोपडी. मी विचारतो, सिंह गीरचा असेल तर भाले कशाला? गीरमध्ये साग आणि कोरडं गवत असतं. फ्लोरिडाच्या डिस्ने ॲनिमल किंगडममध्ये वाघ पडक्या महालाच्या आवारात फिरतात, आणि तो पडका महाल नवा बांधलेला आहे. त्यातली कारागिरी मला आवडते, खोटं कशाला बोलू. तो शेवटी चित्ररथच आहे, फक्त मागची बाजू पूर्ण केलेला. पण तेवढा पैसा हाताशी नसेल तर आधी माती, झाडं आणि लपायची जागा करावी, कमान नंतर बघता येते.

निविदेत अजूनही दर दिसणाऱ्या खडकाच्या चौरस मीटरवर निघतो. म्हणून आम्ही अंदाजपत्रकात मागचं काम वेगळं लिहितो: किपरची वाट, नळ्या, उतार, निचरा, पहिल्या वर्षाची डागडुजी. काहीजण नेमक्या त्याच ओळी खोडून पाठवतात. ती कामं आम्ही घेत नाही. त्या महिन्यांत मूर्तींचं काम असतंच.