उंदराचं टीफॅम जनुक आणि माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट

शेवटच्या सत्रात विषय निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी तलावातले मासे, कपाशीवरची बोंडअळी असे विषय घेतले. मला मायटोकॉन्ड्रियाच हवा होता, म्हणजे पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग. आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. उंदरांवर प्रयोग करायचे तर नोंदणीकृत प्राणिगृह लागतं, आचारसमितीची मंजुरी लागते. आमच्याकडे दोन्ही नाही. मॅडम म्हणाल्या, "उंदीर नाही मिळणार, पण उंदराचं जनुक मोफत मिळतं. संगणकावर कर." असं टीफॅम, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए चालवणारं जनुक, माझ्या वाट्याला आलं.

मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा गोल डीएनए असतो. उंदरात तो सुमारे १६,३०० बेसजोड्यांचा, ३७ जनुकांचा. त्यातली १३ जनुकं प्रथिनं बनवतात, आणि ती सगळी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेतली. पण या डीएनएवरून आरएनए काढायची सामग्री त्याच्याजवळ नाही, ती केंद्रकातल्या जनुकांकडून येते. टीफॅम उंदराच्या १० व्या गुणसूत्रावर आहे. त्याचं प्रथिन बाहेर पेशीद्रवात तयार होतं, मायटोकॉन्ड्रियात शिरतं आणि तिथल्या डीएनएला धरून पार यू आकारात वाकवतं. मग पोलआरएमटी आणि टीएफबी२एम या दोन प्रथिनांच्या जोडीने ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए काढायचं काम, सुरू होतं. डीएनए फक्त आईकडून आलेला, आणि तो चालवणारं जनुक मात्र आईबाप दोघांकडून! हे कळलं तेव्हा विषय बदलायचा विचारच संपला.

माहिती गोळा करणं वाटतं तितकं अवघड नाही. एनसीबीआय या जनुकांच्या मोफत माहितीसाठ्याच्या जनुक विभागात नुसतं टीफॅम टाकलं की कितीतरी प्राण्यांची यादी येते. उंदराच्या नोंदीचा क्रमांक २१७८०, माणसाच्या ७०१९. हे आधी वहीत लिहून ठेवावेत. इंग्रजीत उंदराच्या जनुकाचं फक्त पहिलं अक्षर मोठं, माणसाच्या जनुकाची सगळी, हेही लक्षात असू द्यावं. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यावर प्रथिनांची साखळी मिळाली: उंदराची २४३ अमिनो आम्लांची, माणसाची २४६. या फाइली एखाद्या फोटोपेक्षाही कितीतरी लहान असतात, त्यामुळे आमच्या गावच्या रेंजवरही लगेच उतरतात. वेळ खातात ते शोधनिबंध. घरी रेंज फक्त स्लॅबवर, म्हणून वाळत घातलेल्या तुरीच्या बाजूला बसून पबमेड सेंट्रलवरचे मोफत निबंध वाचायचे. बाबा वावरातून आले की विचारायचे, "एवढं काय वाचून रायली वं?" म्हटलं, अंगात ताकद कुठून येते ते. "मंग वाच," म्हणाले, आणि तूर वरखाली करायचं काम स्वतःच करू लागले.

सगळ्यात जास्त अडले ते एका प्रश्नाशी: टीफॅम वाढलं की ट्रान्सक्रिप्शनही वाढतं का? १९९८ मध्ये निल्स-गोरान लार्सन यांच्या गटाने उंदरातल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकल्या. भ्रूणात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जवळजवळ उरला नाही आणि ते साडेदहा दिवसांच्या आतच गेले. जनुकाची एकच प्रत काढली तेव्हा उंदीर जगले, पण मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या प्रती कमी झाल्या. एवढ्यावरून उत्तर 'हो' असंच वाटतं. पण २००४ चा निबंध वेगळं सांगतो. उंदरात माणसाचं टीफॅम घातलं, तर डीएनएच्या प्रती वाढल्या. ऊर्जा तयार करायची क्षमता मात्र वाढली नाही, कारण माणसाचं प्रथिन उंदराच्या डीएनएवर ट्रान्सक्रिप्शन नीट सुरू करत नाही.

म्हणजे या प्रथिनाची कामं दोन. ते ट्रान्सक्रिप्शन सुरू करतं आणि डीएनए गुंडाळून सांभाळतंही. जिनिंगमध्ये रुई दाबून गाठ बांधली की ती टिकते, पण सूत काढायचं तर गाठ सोडावीच लागते. टीफॅम फार झालं तर डीएनए असाच आवळला जातो, हे परीक्षानळीतल्या प्रयोगांत दिसलं आहे. हे समजायला मला जेवढा वेळ लागला तेवढा बाकीच्या अख्ख्या प्रोजेक्टला लागला नसेल, आणि माझ्या मते प्रोजेक्टचा जीव तिथेच आहे.

मग क्लस्टल ओमेगा या साखळ्यांची तुलना करणाऱ्या साधनावर उंदराची आणि माणसाची साखळी शेजारी-शेजारी लावली. मायटोकॉन्ड्रियात शिरायची खूण असलेल्या सुरुवातीच्या तुकड्यात बरेच फरक दिसले. तो तुकडा आत गेल्यावर कापलाच जातो. उरलेल्या साखळीतला कोणता फरक माणसाच्या प्रथिनाला उंदरात अडवतो, हे अशा तुलनेतून ठरत नाही, त्याला प्रयोगच हवा. प्रबंधात मी तसंच स्पष्ट लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "हे जनुक फक्त हृदयातून काढलं तर?" क्रे-लॉक्सपी, म्हणजे ठरावीक अवयवातूनच जनुक काढायच्या पद्धतीने केलेलं १९९९ चं काम मी वाचलेलं होतं: हृदय फुगतं, ठोक्यांचा संदेश अडतो, पिल्लं काही आठवड्यांतच मरतात. सरांनी पुढे पार्किन्सनबद्दल विचारलं, तर २००७ चा मायटोपार्क उंदीर सांगितला. त्यात डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशींतूनच टीफॅम काढलेलं आहे. नंतर सर परीक्षा विसरून बोलत बसले.

यंदा माझ्या मागच्या वर्गातल्या एकीने पोलआरएमटी घेतलं आहे. माझी वही आणि सगळ्या फाइली तिच्याकडेच आहेत.