म्हणे नोकरी स्वतःहून सोडली!

२०२३ च्या दिवाळीनंतर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याने ह्यांना घरी बसवलं. ऑर्डरच नाही म्हणे. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारी भत्ता मिळतो, हे जाऊबाईंनी सांगितलं. सरासरी रोजाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच.

अर्ज केला, तो अडकला. दरमहा विम्याची वर्गणी भरताना कामगार का गेला हे मालकच नोंदवतो. तिथं ‘स्वतःहून सोडली’ असं ठोकून दिलेलं. आणि स्वतःहून सोडणाऱ्याला हा भत्ता नाही! हे म्हणाले, “जाऊ दे गं, मालकाशी कशाला वाकडं?” मी कुठली ऐकते! मुकादमाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मोबाइलमध्ये होता: ‘उद्यापासून येऊ नका, माग बंद.’ त्याची प्रिंट आणि शेवटची पगारचिठ्ठी जोडून ईएसआय कार्यालयात लेखी तक्रार दिली. दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का पडेपर्यंत खिडकी सोडली नाही. तोंडी सांगितलेलं तिथं कोण लक्षात ठेवतंय?

तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या ईएसआय कायद्यात अशा वादासाठी कर्मचारी विमा न्यायालय होतं, हे कारखान्याच्या हिशेबनीसाला सांगितल्यावर त्याचा सूर मऊ झाला. नोंद दुरुस्त झाली, पैसे थेट खात्यात आले.

आता ग्रॅच्युइटीची फाइल काढली आहे.