नागपूरच्या महाल भागातली आमची पायी टूर : आतापर्यंतची वाटचाल

"नागपुरात पाहायला आहेच काय, ताडोबाला जाता जाता एक मुक्काम, बस." हॉटेलच्या काउंटरवर नोकरीला होतो तेव्हा सात वर्षं हेच ऐकलं आणि दरवेळी जीवाला लागायचं, कारण हे शहर राजधानी होतं ना, आधी गोंड राजांची, मग भोसल्यांची, ज्यांचं राज्य पार ओडिशातल्या कटकपर्यंत होतं. शेवटी 2018 मध्ये नोकरी सोडली आणि मी अन् बायकोनं टूर सुरू केली.

सुरुवातीला ट्रॅव्हलर गाडी भाड्यानं घेऊन एका सकाळी नऊ ठिकाणं दाखवायचो. अर्धा वेळ ट्रॅफिकमध्ये जायचा, सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे असल्यानं वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो म्हणून तो खालूनच दाखवायचा, तिथं झालेली भोसले-इंग्रजांची 1817 ची लढाई गाडीत बसूनच सांगायची. लोकांना मजा येत नव्हती, आम्हालाही नाही.

मग एका रविवारी गांधी गेटपाशी मी भोसल्यांबद्दल सांगून राहिलो होतो, तर बाजूच्या ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "भाऊ, हा दरवाजा कोणाच्या वेळचा, ते सांगा ना आधी." दरवाजा गोंड राजा चांद सुलतानच्या वेळचा, जुना जुम्मा दरवाजा. आणि मी वर्षभर सगळं भोसल्यांच्याच नावावर सांगत होतो! त्या रात्री झोप नाही लागली. पुढचे तीन महिने फक्त वाचलं, लोकांना विचारलं, आणि टूर सगळीच बदलली.

आता गाडी नाही, चार ठिकाणं, पायी. सुरुवात गोंड राजाच्या किल्ल्यापासून, कारण देवगडच्या (कोकणातलं नाही, छिंदवाड्याकडचं) गोंड राजा बख्त बुलंदशहानं राजापूर बारसाच्या बारा खेड्यांमधून 1702 मध्ये हे शहर वसवलं, ते आधी सांगायलाच पाहिजे. मग गांधी गेट, तिथं रविवारी सकाळी बंद दुकानांच्या शटरला टेकून उभं राहता येतं, स्कूटर कमानीतून गेली की आवाज कसा घुमतो ते लोक स्वतःच एकमेकांना दाखवतात. मग चांद सुलतानचाच शुक्रवारी तलाव.

शेवटी भोसल्यांचा महाल. पहिल्या रघुजी राजांनी 1743 मध्ये नागपुरात राजधानी केली. जुना वाडा काळ्या दगडाचा, लाकडावर भरगच्च नक्षी, 1864 च्या आगीत जळाला, मोठा दरवाजा तेवढा वाचला. त्याच्या दहा वर्षं आधी इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि राजाचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात मातीमोल हर्रास केले, दागिने कलकत्त्याला नेले. हे सांगताना माझाच आवाज बसतो, अजूनही.

कोरोनात दोन वर्षं काहीच कमाई नव्हती, बायकोनं डबे करून घर चालवलं. 2025 मध्ये रघुजी राजांची तलवार लंडनच्या लिलावातून सरकारनं परत आणली, तेव्हापासून फोन वाढले, आणि विचारणारे बहुतेक नागपूरचेच, त्याचा आनंद जास्त आहे बाप्पा.

सकाळी साडेसहाला निघतो, बाराच्या वर माणसं घेत नाही, शेवटी तर्री पोहे आमच्याकडून. मे महिन्यात बंद. आणि पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशीही बंद, त्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आम्ही दोघंही तिच्या मागंच असतो.