आमची वाटचाल : घरामागच्या छपराखाली

गाड्यांचे चाकांजवळचे गंजलेले भाग साफ करून रंगवायचं आमचं काम आमच्याच गाडीपासून सुरू झालं. मागच्या आर्मला, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोखंडी दांड्याला, गंजाचे पापुद्रे सुटले होते. मी आणि धाकट्या भावाने तो उतरवला, वायर ब्रश मारला आणि वरून काळ्या स्प्रेचे दोन हात दिले. अगदी नव्यासारखा दिसू लागला. काही महिन्यांत रंगाला फोड आले. नखाने सोलला तर खाली ओलसर लाल भुकटी! बारीक खड्ड्यांत राहिलेल्या गंजाने रंगाखाली पोखरणं थांबवलंच नव्हतं.

मग शिकायला बसलो. प्लास्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा घ्यायचा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा आणि धन टोकाला साध्या लोखंडाचा पत्रा. रात्रभरात खड्ड्यांतला गंजसुद्धा काळा भुसभुशीत होतो, ब्रशने निघून जातो. स्टेनलेस स्टीलचा पत्रा मात्र कधीच लावायचा नाही, पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगं उतरतात. यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून पिंप पहिल्या दिवसापासून उघड्यावर ठेवलं आणि ठिणग्या उडवणारा ग्राइंडर त्याच्यापासून लांब.

कॉइल स्प्रिंग आम्ही या पिंपात घालत नाही, आम्लातही नाही. स्प्रिंगचं कडक पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं. बाहेरून काही कळत नाही आणि एक दिवस ती चालत्या गाडीत तुटते. म्हणून स्प्रिंग हाताने घासायची आणि खोल खड्डे दिसले तर रंगवायचीच नाही.

ओळखीच्यांचे भाग यायला लागले आणि घरचं काम धंदा झालं. पहिल्या वर्षातली एक चूक आजही टोचते. एक आर्म आम्ही सगळीकडून जाड रंगवून दिला, बोल्ट जिथे दाबून बसतो ती जागाही. रंग दाबाखाली चेपला, बोल्टचा ताण गेला आणि गाडीतून खटखट यायला लागली. गिऱ्हाईक वेळेवर परत आले म्हणून निभावलं. तेव्हापासून बोल्टच्या बैठका, आटे आणि बॉल जॉइंटचा (चाकाकडच्या फिरत्या गोल सांध्याचा) निमुळता खळगा यांना आधी मास्किंग टेप, मग बाकीचं काम. टेप मी स्वतः तपासतो.

क्रम आता ठरलेला आहे. ग्रीस काढायचं, गंज काढायचा, धुऊन लगेच कोरडं करायचं, कारण उघडं लोखंड दमट हवेत काही तासांत पुन्हा लालसर होतं. त्याच दिवशी हार्डनर (घट्ट करणारं रसायन) मिसळलेला इपॉक्सी प्रायमर, म्हणजे लोखंडाला धरून बसणारा पहिला थर, मग वरचा रंग. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पिकला असं नसतं, म्हणून आठवडाभर भाग देत नाही. घाईचं काम त्यामुळे हातचं जातं, जाऊ दे. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत पक्की करणं, बाहेरून करून घेतो. ती भट्टी साधारण 180 ते 200 अंशांवर चालते, त्यामुळे रबरी बुश (आर्मच्या सांध्यात बसणारे रबराचे तुकडे) आणि बॉल जॉइंट आधी काढावेच लागतात.

सगळ्यात कठीण काम नकार देण्याचं. पत्र्याचे जोडलेले आर्म आतून सडतात. हातोडीने ठोकून बघतो: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक आत गेलं तर तो भाग रंगवून देत नाही. लोक चिडतात, ‘रंगवायला सांगितलंय, तेवढं करा’ म्हणतात. पण गाडीखाली गेल्यावर आमचा रंग फक्त सड झाकेल, हे दिसत असताना तो भाग परत द्यायला माझा हात धजत नाही.

आज आम्ही तिघं आहोत आणि छपराखाली छोटं सँडब्लास्टिंगचं, म्हणजे कणांच्या जोरदार फवाऱ्याने गंज काढायचं, कपाट आहे. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून देतो: बुशचे बोल्ट आधी सैल ठेवा, गाडी चारही चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या.